ट्राव्निकच्या गोड कॉफीबद्दल खुलासा

सारायेवो, शुक्रवार, दुपारची नमाज आटोपून

वडीलधारे मेहुणे हाजी हिल्मिया यांस,

रागिबचा लवून सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा? कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्या का? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत; सुखरूप आहोत की नाही ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा. फोनच केला असता, पण तुमची बहीण शेम्सा हल्ली माझ्याशी बोलत नसली तरी माझं बोलणं भिंतीआडून सगळं ऐकते. थोडक्यात सांगायचं तर आमच्या सेनादचं लग्न, जे ठरायला आलंय हे मला माहीतच नव्हतं, ते माझ्या हातून मोडायच्या बेतात आहे. माझी बदनामी तुमच्या झेनित्सापर्यंत पोचलीच असेल, तेव्हा आता माझीही बाजू ऐका. (तुम्हाला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, असा मला दाट संशय आहे. तो तूर्तास बाजूला ठेवतो.)

त्याचं असं झालं. शेम्सा एकदम म्हणाली, दोन दिवस ट्राव्निकला जाऊ या, किल्ला बघू, रंगीत मशीद बघू, चेवापीचे कबाब खाऊ, डोंगरावरचं चीज आणू. मी उभा जन्म ट्राम चालवली, पण ही बाई हौसेनं कधी शेवटच्या थांब्यापर्यंत आली नाही. आणि आपली चेवापी सोडून त्यांची खायला जाणारा सारायेवोचा माणूस तुम्ही पाहिलाय? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यात सेनाद म्हणतो, "बाबा, मी नेतो ना गाडीनं." पोरगा चाळिशीला टेकला, स्लोव्हेनियापर्यंत ट्रक हाकतो, पण मला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कधी सोडलं नाही! गाडीही धुतलेली. बॅगेत माझा ईदचा कोट, किलोभर कॉफी आणि मिठाईची पेटी. चीज खायला कोट कशाला, विचारलं, तर म्हणे किल्ल्यावर वारा असतो. जुलै महिन्यात!

आता आमच्या शेजारच्या नाझिफची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या मुलांनी त्याला चार दिवस हवापालट म्हणून डोंगरावरच्या वृद्धाश्रमात नेलं. तो अजून तिथेच हवा पालटतोय. मी मनाशी म्हटलं, रागिब, तुझी पाळी आली.

ट्राव्निकला पोचलो तर संशय वाढतच गेला. गाव देखणं आहे, नाही म्हणत नाही, पण ज्या गावाला घड्याळाचे दोन मनोरे लागतात त्या गावाचा एकावर भरवसा नाही, हे उघड आहे. झऱ्याकाठी बसून चेवापी खाल्ली. वाईट नव्हती (हे सारायेवोत कुणाला सांगू नका). पण सेनाद घास गिळेना, सारखा त्या मनोऱ्यांकडे बघत होता, आणि माझ्या ताटातले घास मोजणारी शेम्सा स्वतःच्या वाटणीची साय माझ्या पावावर घालत म्हणाली, "खा रे, मनसोक्त खा." फाशी देण्याआधी असंच वागवतात, मेहुणे.

मग म्हणे, इथे ओळखीचे लोक आहेत, पाच मिनिटं टेकू. ओळखीचे म्हणजे मुनिब नावाचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको. घर ऐसपैस, जिने स्वच्छ, सगळीकडे कठडे. मला बरोबर मधल्या कोचावर बसवलं आणि मुनिबनं चौकशी सुरू केली. झोप लागते का? जिने चढता येतात का? बागकामाची आवड आहे का? मी हो-नाही करत होतो तेवढ्यात तो हसून म्हणाला, "आमचा वरचा मजला रिकामाच आहे हो. आता हे घर आपलंच समजा. सेनाद येत-जात राहीलच!" येत-जात राहील! पोटच्या पोराकडे पाहिलं, तर तो घामानं डबडबलेला. मनाशी म्हटलं, मेल्या, निदान लाज तरी वाटतेय तुला.

तेवढ्यात एक पोरगी तबक घेऊन आली. (मला ती तिथली परिचारिका वाटली. काय चूक माझी? चेहऱ्यावर तसाच शांतपणा होता.) एक घोट घेतला आणि हादरलो. कॉफी पाकासारखी गोड! माझी साखर वाढल्यापासून शेम्सा घरातली साखर कुलपात ठेवते, आणि तीच शेम्सा मला कोपरानं ढोसून कुजबुजतेय, "पी. मुकाट्यानं सगळी पी." आता सांगा, माणसानं काय समजायचं?

खरं सांगतो, मेहुणे, मी घाबरलो. माझं अंथरूण, माझी खिडकी, शेम्साची बडबड, सगळं सुटणार म्हणून रडू फुटायच्या बेतात होतं. म्हणून ओरडलो. उभा राहिलो, कप तबकात उपडा घातला आणि म्हणालो, "मला ही नको! कितीही गोड करून पाजा, हे मला मान्य नाही आणि जन्मात होणार नाही!" आणि तरातरा बाहेर पडलो. (उंबऱ्याशी कुणीतरी माझे बूट बाहेरच्या दिशेनं नीट वळवून ठेवले होते. हा वृद्धाश्रम नव्हे, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं; तिथे बूट काढून घेतात.)

गाडीत शेम्साचं तोंड सुटलं. मुलगी मागायला गेल्यावर तिनं कडू कॉफी आणली तर नकार आणि गोड आणली तर होकार, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं म्हणाली. ती तबकवाली मुनिबची मुलगी मर्सिहा. तिनं होकार दिला आणि मी तो तबकात उपडा घातला. मला आधी का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाली, "सांगायला काय झालं होतं! मागच्या खेपेला मोस्तारच्या मुलीच्या आजोबांचे दात खरे की खोटे, ते शेजाऱ्यांना विचारत हिंडलास!" (मग? विचारू नये?) सेनाद मात्र घरी आल्यापासून जेवायलाही बसत नाही, आणि ते मला बघवत नाही.

असो. वहिनींना सलाम, कोंबड्यांची काळजी घ्या.

तुमच्या बहिणीचा (अजून तरी) नवरा,
रागिब

ता. क. एवढं लिहिलं ते यासाठी, की तुम्ही हाजी आहात, ट्राव्निक तुम्हाला जवळ आहे, तुमच्या शब्दाला मान आहे. मुनिबकडे जा. माझ्या वतीनं माफी मागा. म्हातारा आहे, डोकं फिरलंय, असं खुशाल सांगा. मात्र मला कुठे नेऊन ठेवा असं सुचवू नका.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायला निघालो तर दारात मर्सिहा! बसनं एकटी आली होती. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि माझ्यापुढे कॉफी ठेवली. कडू जहर. म्हटलं, पोरी, तुझं बरोबर आहे, पण गाढवपणा माझा, शिक्षा सेनादला का? तर हसून म्हणते, "काका, तुम्हाला साखर चालत नाही, हे त्या दिवशी मला कुणी सांगितलंच नाही. तुमची बिनसाखरेची. सेनादचा कप तिकडे आहे, जाऊन बघा." गेलो. बोट बुडवून खात्री केली. गोड होती, मेहुणे. मी दाराआड उभा राहून डोळे पुसले.

ता. क. तिसरा. तेव्हा माफीचं राहू द्या, पण ट्राव्निकला जाच. शेजारीपाजारी सहज विचारा, इतकी शहाणी मुलगी आमच्या सेनादला हो का म्हणतेय? कुठेतरी पाणी मुरतंय. मात्र दबक्या आवाजात विचारा. तिच्या कानावर गेलं, तर तीही विचार करायला लागेल.