पदरावरचे दोन पंजे

चिरंजीव सन्मती यास सांगलीहून आक्काताईचा जय जिनेंद्र आणि पोटभर आशीर्वाद. राजेश्वरीलाही आशीर्वाद सांग. तुझं पित्त कसं आहे? लेकीचं लग्न आठवड्यावर आलंय, म्हणजे ते आता डोक्यापर्यंत चढलं असणार. थंड दूध घेत जा, लिंबूपाणी घेऊ नकोस (आम्लावर आम्ल ओतायचं नसतं, हे तुझ्याच लेकीनं मला शिकवलंय). माझे गुडघे कुरकुरतात, पण अजून मला सोडून गेलेले नाहीत. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर तू मला स्पीकरवर टाकतोस, निम्मं आष्टा गाव ऐकतं, आणि अवघड बोलणं निघालं की नेमकी तुझी रेंज जाते. म्हणून हे पत्र राजापुरी हळदीच्या पिशवीत घालून मांडववाल्या पप्पूच्या टेंपोतून पाठवतेय. हळद मी स्वतः पेठेत जाऊन, हळकुंड मोडून, आतला रंग बघून घेतली आहे. श्रद्धाच्या अंगाला लागायची हळद आहे, दुकानदाराच्या शब्दावर कशी घेऊ?

परवा तुमच्याकडे हळद फोडायच्या कार्यक्रमाला मी आले होते. सवाष्णी मुसळ धरून होत्या आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. (तुझे दाजी गेल्यापासून प्रत्येक कार्याला मी दारातच असते. त्या चौकटीला आता माझ्या खांद्याची सवय झाली असेल.) निघताना श्रद्धा हळदीच्या हातांनीच पळत आली आणि मला घट्ट मिठी मारली. मी बस चुकेल म्हणून तिच्यावर ओरडले आणि निघाले. एसटीत मागच्या बाकावरच्या दोन बायका सांगलीपर्यंत माझ्या पाठीकडं बघून कुजबुजत होत्या. मला वाटलं, साडीचं कौतुक चाललंय (तू दिवाळीला दिलेली मोतिया रंगाची), म्हणून मी मुद्दाम ताठ बसले. उतरल्यावर तशीच मंदिरातही जाऊन आले. घरी आल्यावर कळलं, पदरावर पाठीमागं दोन पिवळे पंजे, दहाही बोटं स्वच्छ उमटलेली.

मी लगेच साबणाची वडी घेऊन घासायला बसले, तर बघता बघता पंजे लालभडक झाले. मी किंचाळले असेन, कारण शेजारची राहीबाई हातात लाटणं घेऊन आली. (तिचे मालक फौजेतले, त्यामुळे तिला हत्याराशिवाय कुणाच्या घरात शिरता येत नाही.) बादलीतलं ते लाल बघून तिनं आधी माझी पाठ तपासली, मग माझं कपाळ. साबण कमी पडला असेल म्हणून मी धुण्याचा सोडा टाकला, तर ते आणखी लाल झाले. लग्नाच्या तोंडावर हा कसला अपशकुन, असं म्हणून आम्ही दोघी बादलीकडं बघत उंबऱ्यावर बसलो.

तेव्हा मला श्रद्धाचं नववीचं वर्ष आठवलं. शाळेसाठी ती माझ्याकडं राहायची, आणि विज्ञानाच्या मॅडमनी हळदीचे कागद करायला सांगितल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात बुडवायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं तिनं. ताक, चिंचेचं पाणी, चुन्याची निवळी, टूथपेस्ट, तुझ्या दाजींचा काढा, सगळ्यात कागद. साबणात आणि चुन्यात लाल, लिंबात परत पिवळा. त्याच वर्षी दाजी गेले. एकदा मी चुलीकडं तोंड करून रडत होते, तर ही कागद घेऊन आली आणि माझ्या गालाला लावला. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आत्ती, रंग बदलला न्हाई. म्हंजे तू हाय तशीच हायस."

तर मी लिंबू कापलं आणि पिळलं. पंजे पिवळे! राहीबाईचा विश्वास बसेना, तिनं परत साबण लावला. लाल. परत लिंबू. साठी उलटलेल्या दोन बायका तासभर हाच खेळ खेळत होत्या, आणि तिच्या तव्यावरची भाकरी जळून गेली. शेवटी ती हात पुसत म्हणाली, "आवं आक्का, हळदीला चुना लागला की काय हुतंय? कुक्कूच की. पोरीनं तुमास्नी हळद-कुक्कू लावलंय, आन् तुमी ते लिंबानं पुसत बसलाय." एवढं बोलून ती जळकी भाकरी बघायला गेली. मी मात्र बादलीपाशी बसून खूप रडले, सन्मती.

असो. काळजी करू नकोस. हळदीच्या दिवशी लोक नावं ठेवतील, म्हणून मी पुढं येऊ नये, लांब पंख्याखाली मला चांगली गादीची खुर्ची ठेवतो, असं तू फोनवर म्हणालास (आणि मग रेंज गेली), ते मला कळलंय. तू मनानं वाईट नाहीस, फक्त भित्रा आहेस, लहानपणापासून. ठेवशील तिथं बसेन. साडीचे डाग लिंबानं पिवळे करून ठेवलेत, दोन दिवस ऊन दाखवलं की हळद उडून जाते, हे तर आपल्याकडं पोरीबाळींनाही माहीत आहे.

तुझी,
आक्काताई

ता. क. गादीची खुर्ची आणि पंखा राजेश्वरीच्या आईला दे. त्यांना उकडतं फार.

ता. क. आणखी एक. या पिशवीतली हळद श्रद्धाला पहिल्यांदा मी लावणार आहे. तिची वेणी मी घातली, तापात तिच्या उशाशी मी बसले, मग गालाला हळद लावताना माझाच हात कसा चालत नाही? लावू दे रे मला. नाही म्हणायचं असेल तर स्पीकर बंद करून, स्वतःच्या तोंडानं म्हण.

ता. क. साडी उन्हात घातलेली नाही. वरचं सगळं लिहून झाल्यावर परत सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि न खळबळता सावलीत वाळत टाकली. पंजे लाल आहेत. तीच नेसून येतेय. घरातली लिंबं संपलीत, आणि मी नवीन आणणार नाही.