तारा न लावता झालेली लढत

वस्ताद, तुम्ही गेल्यानंतर मी दुसऱ्या कोणाच्याही हाताखाली शिकलो नाही, हे प्रथम नमूद करतो. घाटकोपरला जिथे तुम्ही आम्हांस दांडपट्टा शिकवीत होता, तिथे आता उंच इमारत आहे. मी मुलाकडे बोरीवलीस असतो. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले, तरी सोसायटीच्या फलकावरील सूचना माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय लागत नाहीत. लागल्याच तर मी त्या फलकावरच दुरुस्त करतो. लिहिण्यास कारण की, गेल्या रविवारी अंधेरीच्या क्रीडागृहात एका फ्रेंच विजेत्याशी माझी लढत झाली. तुम्ही हसाल, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी नात तलवारबाजी शिकते. तिची तलवार प्रथम पाहिली तेव्हा मी म्हणालो, "ही तलवार नव्हे, छत्रीची काडी आहे." मग तिला शिवजयंतीच्या मिरवणुकीची हकिकत सांगितली. मी भर रस्त्यात उताणा पडलो आहे. पोटावर केळीचे पान, पानावर काकडी. तुम्ही पट्टा फिरवीत येत आहात आणि बघ्यांतून कोणी विचारतो की, याच पोराला का निजवलेत? तुम्ही म्हणता, "हा हलायचा नाही. घाबरायला अक्कल लागते." काकडीचे दोन तुकडे झाले, पानाला ओरखडा नाही. एक तुकडा तुम्ही खाल्लात, दुसरा मला दिलात. तेवढे मोठे बक्षीस मला पुन्हा मिळाले नाही. नातीने मात्र विचारले, "आबा, पण त्यांनी आधी प्रॅक्टिस कोणावर केली होती?" हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही, हे बरे झाले.

त्या फ्रेंच गृहस्थांचे चरित्र आमच्या घरी रोज जेवताना वाचले जाते, म्हणजे नात सांगते आणि आम्ही भाकरी मोडतो. वडील खाटीक. मुलगा लहानपणी पडद्याच्या दांडीने बहिणीस बडवीत असे. आईने त्याला कानाला धरून तलवारीच्या शिक्षकाकडे नेले आणि सांगितले, "मारणारच आहे, तर नियमाने मारू दे." पुढे तो दोनदा जगज्जेता झाला. त्याआधी सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत प्रतिस्पर्ध्याचा वार त्याच्या दंडास लागला. त्या काळी त्यांच्या तलवारीस वार लागला की पेटणारे विजेचे दिवे नव्हते, चार पंचांपैकी एकानेही पाहिले नाही. याने स्वतः हात वर करून सांगितले आणि सुवर्णपदक गमावले. वर्तमानपत्रांनी स्तुती केली. वडिलांनी महिनाभर अबोला धरला. मला ते वडील पटले.

अडचण अशी होती की, नात यंदा दहावीत आहे. मुलगा म्हणाला, "वर्षभर तलवारीचा क्लास बंद. बाबा, तुम्ही सांगाल ते फायनल." मी बंद म्हणणार, हे तिने ओळखले. पोर चार दिवस नीट जेवली नाही. मग हे विजेते मुलांना धडे देण्यास अंधेरीस येणार असल्याचे कळले आणि ती मला म्हणाली, "आबा, तुम्ही म्हणता ना, छत्रीची काडी आहे? मग त्यांच्यासमोर उभे राहा. त्यांनी एकदा जरी टच केलं तर माझा क्लास चालू. नाही केलं तर मी स्वतः सोडते. चिटिंग नाही हं." मुलगा म्हणाला, "अगं, वेडी आहेस का? आबांचं वय काय!" या वाक्यामुळे मला होकार देणे भाग पडले. विजेत्यांचा होकार नातीने प्रशिक्षकांकरवी मिळवला.

क्रीडागृहात मी वहाणा काढल्या, जमिनीवर आखलेल्या लढतीच्या पट्टीस हात लावून तो कपाळास लावला. नातीचे प्रशिक्षक धावत आले. "आजोबा, शूज घालावेच लागतील!" मी म्हणालो, "आखाड्यात वहाण घालून मी गेलेलो नाही." ते विजेते हे पाहत होते. उंच, पांढरे केस, डावखुरे, एक गुडघा अधू. त्यांनी स्वतःचे बूट काढले. त्यांच्या एका मोज्यास भोक होते. जाकीट आणि जाळीचा मुखवटा मी मान्य केला. परंतु दिवा पेटावा म्हणून पाठीस तार जोडू लागले, तेव्हा मी स्पष्ट सांगितले की, मी मिक्सर नव्हे. त्यामुळे दिव्याचे राहून गेले.

आम्ही एकमेकांस सलामी दिली. मी तुमचा पवित्रा घेतला. मुले ओरडली, "आबा, झकास!" मी दोन वार परतवले, हे तिथल्या कोणासही विचारावे. नंतर कोपराच्या वर, आतल्या बाजूस कसलासा चटका बसला. विजेते तलवार खाली करून उभे. प्रशिक्षकांना काही दिसले नव्हते. मुलगा पुढे येऊन म्हणाला, "नाही लागलं ना, बाबा?" नातीने ओठ दाताखाली धरला होता.

वस्ताद, आपल्याकडे पंच कधीच नव्हता. ज्याला लागे, त्यानेच सांगायचे आणि संध्याकाळी आखाड्याच्या हौद्यातली माती चाळायची. मी मुखवटा काढला आणि म्हणालो, "लागला."

नात किंचाळली. विजेत्यांनी तलवार कपाळापर्यंत नेली आणि काही बोलले. प्रशिक्षकांनी सांगितले, "ते विचारतायत, आता तुमच्या घरी अबोला कोण धरणार?" मी मुलाकडे पाहिले. तो गाडीत बोरीवलीपर्यंत बोलला नाही. क्लास चालू आहे.

सोसायटीत मी सर्वांना असे सांगितले की, वार मला स्पष्ट दिसला होता, परंतु नातीसाठी मी तो मुद्दाम घेतला. तळमजल्यावरील वहिनींनी डोळे पुसले. चिटणीसांनी शाल दिली. म्हणून हे पत्र घरात कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये. लिहून झाले की फाडणार आहे. तुमच्याशी खोटे बोलण्याची मला सवय नाही. तो वार मला दिसलाच नाही, वस्ताद. दिसला असता, तर मी खात्रीने अडवला असता, आणि पोरीचा क्लास बंद पडला असता.