म्हातारीची पंधरा वर्षे

३ जून
आज पुन्हा तोंड उघडले नाही! परदेशी प्रशिक्षकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. आधी मराठीत जुळवले, मग इंग्रजीत. तोवर शेजारच्या टेबलावरच्या अभियंत्याने चुकीचे उत्तर देऊन टाकले. मी बरोबर उत्तर कागदावर लिहून त्याच्याकडे सरकवले. तो म्हणाला, "शब्दकोशबाई, नुसते ओठ जरी हलवले असतेत ना, तरी मी वाचलो असतो!"

धूर कमी करणाऱ्या प्रकल्पांत परदेशी गुंतवणूक यावी, आणि ती आणण्याची विद्या आपल्या माणसांना यावी, म्हणून सरकारने हा कक्ष काढला. माणसे पाच, खुर्च्या चार. मुदत मार्चपर्यंत. तोवर एक तरी प्रकल्प परदेशी तपासणीतून पार पडला नाही, तर कक्ष गुंडाळणार — संचालकबाईंनी आज स्पष्टच सांगितले.

९ जून
जेवताना बाबांनी विचारले, "तुम्ही तिथं शिकता तरी काय गं?"

मला बोलायला आवडते ते फक्त बाबांशी. सांगितले — समजा, एका कारखान्याने कोळशाचा जुना बॉयलर काढून नवा बसवला. धूर किती वाचला? ते ठरवायला आधी पाहावे लागते, की जुना तसाच ठेवला असता तर अजून किती वर्षे चालला असता. तेवढ्या वर्षांचा धूर वाचला असे धरतात, आणि त्याचेच पैसे येतात.

"आणि जुना मरायलाच टेकला असेल तर?"

"मग काहीच वाचलं नाही, बाबा. तो असाही बंदच पडणार होता. प्रकल्प बाद."

"म्हणजे जे घडलंच नाही त्याचा हिशोब! चांगलं आहे की." आणि थोड्या वेळाने, "एकही जमला नाही तर तुझं काय?"

"मार्चनंतर घरी."

कापड रंगवण्याच्या कारखान्यात बाबा बॉयलर सांभाळतात, माझ्या जन्माआधीपासून. त्याला ते 'म्हातारी' म्हणतात. आई 'सवत' म्हणते.

२२ जून
पहिला अर्ज आला. बाबांचाच कारखाना.

२३ जून
संचालकबाईंना सांगून टाकले. "लपवलं नाहीस हे बरं केलंस. कागद तूच कर, पण तपासणीच्या दिवशी लांब उभी राहा."

नवा बॉयलर स्वतःच चालतो. माणूस लागत नाही. अर्जात हे वाक्य गुण म्हणून लिहिले आहे — आणि ते नीट मांडायचे आहे मला!

घरी सांगितले. आईने हातातले भांडे आदळले. "एवढं शिकवलं ते बापाच्याच पोटावर पाय द्यायला?" बाबा म्हणाले, "तिला कशाला बोलतेस? हाती घेतलंय, तर नीट करू दे."

१७ ऑगस्ट
हल्ली बाबा सुटीच्या रविवारीही कारखान्यात जातात. हात काळे, बोटांना चटके. आई तेल लावता लावता म्हणते, "शेवटचे दिवस उरलेत ना, मग सवतीपासून पाय निघतोय होय?" बाबा हसतात. मला जेवण जात नाही.

४ सप्टेंबर
एक गोष्ट फक्त इथेच लिहू शकते. मनातून वाटते की म्हातारी खरोखरच म्हातारी निघावी. तपासनिसाने नाक मुरडावे. प्रकल्प बाद व्हावा, नव्या बॉयलरचे पैसेच येऊ नयेत, बाबांची जागा राहावी. मार्चनंतर मी शिकवण्या घेईन. इतक्या काळजीने तयार केलेले कागद नापास व्हावेत, अशी इच्छा मी आयुष्यात प्रथमच करते आहे.

११ नोव्हेंबर
तपासणी झाली. मी दारापाशी उभी होते, ठरल्याप्रमाणे लांब. भट्टी पेटलेली होती, त्यामुळे आत पाहता येत नव्हते. सगळी भिस्त बाहेरून दिसणाऱ्या पत्र्यावर, बॉयलर चालवण्याच्या जुन्या दाखल्यावर आणि बाबांच्या शब्दावर. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. तपासनिसाने दुभाष्यामार्फत विचारले, हा बॉयलर आणखी दहा वर्षे चालेल का?

मनात म्हणत होते — बाबा, नाही म्हणा. एकदाच तिची निंदा करा.

बाबांनी बॉयलरच्या पत्र्यावर थाप मारली. "दहा? साहेबांना सांगा, पंधरा धरा. माझ्यानंतरही चालेल ही."

एवढा अभिमान! कुणी त्यांच्या म्हातारीला नावे ठेवू नयेत, एवढ्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने तिचा आणि स्वतःचा निकाल लावला. मला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली.

८ जानेवारी
प्रकल्प मंजूर! देशातला पहिला. अभियंत्याने टेबल बडवले, "शब्दकोशबाई, आता तरी बोला!" मी हात धुवायच्या जागेत जाऊन रडले. सगळ्यांना वाटले, आनंदाने.

१ फेब्रुवारी
बाबा आजपासून घरी. नेहमीच्या वेळी उठले, डबा कुठे आहे म्हणून विचारले, मग आठवले. आईने डबा भरला. दुपारी दोघांनी त्यातूनच खाल्ले.

१९ फेब्रुवारी
कक्ष कायम झाला, माझी नेमणूकही. दुसऱ्या खात्यांतून नवी माणसे शिकायला येणार आहेत. त्यांचा पहिला वर्ग मी घ्यायचा — बाबांच्या कारखान्याचे उदाहरण घेऊन. संचालकबाई म्हणाल्या, "इतकं स्वच्छ प्रकरण पुन्हा मिळायचं नाही."

बाबांना सांगितले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला आता कोळशाचा वास येत नाही.

२६ फेब्रुवारी
जुना बॉयलर पुन्हा कुठे पेटू नये, म्हणून तो कापताना कक्षाच्या माणसाने हजर राहायचे असते. मी गेले. बाबाही आले, मी नको म्हणत असताना.

पत्रा उघडला. आतल्या निम्म्याहून अधिक नळ्यांची तोंडे बुजवलेली होती, अगदी नेटकी. उरलेल्यांतली एक मी धरली, तर हातातच चुरा झाला.

"बाबा, हे कधी बुजवलंत?"

"सुटीच्या रविवारी. गळायच्या ना."

"किती चालली असती ही?"

"येती दिवाळी बघितली नसती गं तिने."

"मग पंधरा वर्षं—"

बाबांनी माझ्या तळहातावरचा गंज स्वतःच्या सदऱ्याला पुसला. "तुझं पक्कं झालं ना?"

मी मान हलवली.

उद्या दहा वाजता वर्ग आहे.