गोजरबाईंच्या आमटीविषयी माझे शेवटचे म्हणणे

मी, जरीना अजीज तांबोळी, वय एकाहत्तर, काम लेखन व घरकाम, राहणार मुकुंदनगर, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाने नव्हे तर माझ्या मर्जीने, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वहस्ते लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढचे वाचून कोणी शंका घेईल, म्हणून तो आजच्याच तारखेचा घेतला.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव माझा मुलगा राहील व मुलगी कैनात यांच्यात शरियतीच्या हिश्श्यांप्रमाणे वाटावी. राहीलने गेल्या तीन वर्षांत माझ्या हातचे एकही ताट पूर्ण संपवले नाही, हे माझ्या लक्षात आहे. त्याने त्याचा हिस्सा कमी होत नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी कैनातने करावी.

२. एक तृतीयांशापर्यंत परक्याला देण्याची मुभा शरियत मला देते. त्या मुभेत पाटा-वरवंटा, बिडाचे दोन्ही तवे, लाकडी काठवट आणि माझ्या पुस्तकाचे सर्व हक्क मी ज्ञानेश्वरी वराट, अंगणवाडी सेविका, जामखेड, हिला देत आहे. ती माझ्या नात्यातली नाही. तिला का, ते पुढे सांगते.

३. ज्ञानेश्वरीची आजी गोजरबाई माझ्याकडे चौदा वर्षे स्वयंपाकाला होती. मुलगा सुप्याच्या कारखान्यात लागला म्हणून ती जामखेडकडून इकडे आली. मी एका दैनिकात दर रविवारी खाण्यापिण्यावर सदर लिहीत असे. गोजरबाई भाकरी थापताना बोलायची आणि मी वहीत उतरवून घ्यायची. त्यांच्या जामखेडकडच्या शिपी आमटीची डाळ किती घोटायची, काळ्या मसाल्याचा कांदा कुठवर भाजायचा, बाजरीचे पीठ जुने झाले हे वासावरून कसे ओळखायचे.

त्या सदरांचे पुस्तक निघाले. त्यात सगळीकडे ‘मी’ होते. ‘माझी आमटी’, ‘माझी आई सांगायची’. माझी आई मालेगावची. तिने शिपी आमटी जन्मात चाखली नव्हती.

गोजरबाईला अक्षरओळख नव्हती. सुट्टीला आलेल्या ज्ञानेश्वरीने ते पुस्तक तिला माझ्याच ओट्यापाशी वाचून दाखवले. गोजरबाईने सगळे ऐकून घेतले, हात धुतले आणि विचारले, “भाभी, माझं नाव कुटं हाय ह्यात?”

पुढच्या आवृत्तीत घालू, असे मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पाच महिन्यांनी गावाकडे वारल्याचा निरोप आला. सदर द्यायची मुदत आहे असे सांगून मी गेले नाही. खरे म्हणजे मला लाज वाटत होती.

४. निरोप आल्यावर बाराव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, स्वयंपाकघरातून काळ्या मसाल्याच्या फोडणीचा ठसका आला. आत कोणी नव्हते. सिलिंडर आदल्या दिवशीच संपला होता आणि ओटा गार होता. शेजारच्या डॉ. पंकजा म्हस्के खोकत विचारायला आल्या, तेव्हा हा माझा एकटीचा भास नव्हता. त्यांना पाणी द्यावे म्हणून पेला घेतला, तर माझ्या उजव्या हाताच्या बोटांना बाजरीचे पीठ लागले होते. त्या दिवशी मी पिठाच्या डब्याला हात लावला नव्हता.

तेव्हापासून लिहायला बसले की हात माझ्या आधी चालू लागतो. हुलग्याच्या शेंगोळ्यांवरचे सदर मी न वाचताच पाठवले. रविवारी सकाळी ज्ञानेश्वरीचा फोन आला. त्यातले एक वाक्य तिने मला वाचून दाखवले: मच्छिंद्र तापाने गेला तेव्हा चुलीवर शेंगोळे होते, म्हणून आमच्यात ते बुधवारी करत नाहीत. हे तुम्हाला कोणी सांगितले, असे तिने विचारले. मच्छिंद्र हा गोजरबाईचा थोरला मुलगा, चार वर्षांचा होऊन गेलेला. गोजरबाई त्याचे नाव घरातसुद्धा काढत नसे.

मी असले काही लिहिलेच नाही, असे तिला सांगितले. मग वही उघडली. अक्षर माझेच होते.

५. मी एसटीने जामखेडला गेले. ज्ञानेश्वरीने सांगितले की दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. घरच्यांनी सुचेल ते सगळे कबूल केले, पोरींना शिकवू, जमीन विकणार नाही. ऊन डोक्यावर आले तरी एकही कावळा खाली उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकून घेतले. मी तिची माफी मागितली. तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

“माफी आजीला मागा,” ती म्हणाली. “ती हितं आलीच न्हाई. ती तुमच्याकडं हाय.”

परत आल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून, मोठ्याने, माफी मागितली. काही घडले नाही. मग भाकरी करायला घेतली. ती तव्यावर टम्म फुगली. माझी भाकरी उभ्या आयुष्यात कधी फुगली नव्हती. ती मला खाववली नाही, आणि टाकवलीही नाही.

६. म्हणून माझी इच्छा अशी की पुस्तकाच्या यापुढच्या प्रत्येक आवृत्तीवरून माझे नाव काढावे आणि गोजरबाई वराट एवढेच छापावे. गोजरबाई वारल्यानंतरच्या नऊ वह्याही तिच्याच नावाने निघाव्यात. अम्मी, लोक तुला वेडी म्हणतील, असे कैनात म्हणते. म्हणू द्यावे.

७. भाभीचं नाव काडू नगा. म्या सांगितलं, तिनं लिवलं. दोगींचं ऱ्हाऊ द्या. आन् भाभी, अजून लई सांगायचं ऱ्हायलंय. येवड्यात मरू नगा.

८. कलम सात माझे नाही. अक्षर माझे आहे. ते कोणी खोडू नये. कलम सहा व सात यांत विरोध आला तर सात खरे धरावे.

येथवर लिहिलेले मी वाचून पाहिले व सही केली.

जरीना अजीज तांबोळी

आम्ही दोघे लिहून देतो की जरीनाबाईंनी वरील मजकूर आमच्यासमोर लिहिला व सही केली. कलम सात लिहिताना त्यांचे डोळे मिटलेले होते आणि पेन थांबले नाही.

साक्षीदार:
१. डॉ. पंकजा म्हस्के, मुकुंदनगर
२. काकासाहेब भापकर, निवृत्त शिक्षक, मुकुंदनगर

ठिकाण: अहिल्यानगर
दिनांक: १४ मे २०२५, दुपारी सव्वा वाजता