चांद्याची घुंगरमाळ

यवतमाळ,
पोळ्यानंतरचा गुरुवार

दादा,

नागपूरच्या डॉक्टरची बारा वर्षं जुनी मर्सिडीज म्या घेतली, तवापासून तू माह्याशी बोलत नव्हता. "कापसाले भाव नाही, आन् वामन्या दारात हत्ती बांधून राह्यला," असं साऱ्या बोरी अरब गावाले सांगतलं. म्हणून तं पोळ्याले गाडी घेऊन थेट तुह्या वावरात आलो. तिचं पोट जमिनीले टेकते हे विसरलो, आन् काळ्या मातीत फसलो.

बैल जुपा म्हटलं तं तू केवढा भडकला! "पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत असतेत काय बे?" मंग धोतर खोचून तूच दोर धरला, आन् सातजणांनी गाडी ओढत तोरणाखाली बैलाइच्या रांगेत नेली. वहिनीनं बोनेटले कुंकू लावलं, पुरणपोळी दाखवली.

तवापासून गाडीत कुठंतरी छनछन वाजे. आज मिस्त्रीनं अर्धी गाडी खोलली, तवा मागच्या सीटखाली तुह्या चांद्या बैलाची घुंगरमाळ बांधलेली दिसली.

"काढू काय, साहेब?"

"हात लावशीन तं पाह्य!"

हे पत्र टाकत नाही. मले माळ सापडली हे तुले समजलं, तं तू लाजून परत नेशीन.

तुहा,
वामन्या