अळ्यांची व्यवस्था

सोमवार, ६ ऑक्टोबर. जळगाव.
पोहोचले. खिडकीतून केळ्यांनी भरलेला ट्रक दिसतो. त्याच्यामागे केळ्यांनी भरलेला दुसरा ट्रक.
दहा दिवसांचा दौरा. तीन दिवस जळगाव, मग धुळे, दोंडाईचा, शेवटी पुन्हा जळगाव. मराठी शाळांतल्या शिक्षकांना इंग्रजी संभाषण शिकवायचं. ते मला झोपेतही येतं. माझं लक्ष या वेळी दुसरीकडे आहे: ही डायरी (रोजनिशी!) शुद्ध मराठीत लिहायची. निघताना शिल्पा म्हणाली, आई, तू मराठीत काही लिहून देऊ नकोस हं कुणाला, लोकांचं नुकसान होईल. पोटची लेक. कॉन्व्हेंटमध्ये शिकले हा काय गुन्हा झाला? एकसष्टाव्या वर्षीसुद्धा माणूस सुधारू शकतो.
दुसरा संकल्प: शेवभाजी नाही. डॉक्टरांनी बजावलंय.
रिसेप्शनवर 'उष्णोदक' मागितलं. त्या मुलाने जिरा सोडा आणून दिला. प्यायले. चांगला होता.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.
इथल्या एका कॉलेजच्या मागे फुलपाखरू बाग आहे. एका शिक्षिकेकडून कळलं आणि उरलेला वर्ग मी कसा घेतला ते आठवत नाही.
१९७५. नाशिक, सहावी ब. सिस्टर बर्नाडेटनी खिडकीत काचेची बरणी ठेवली होती, आत फांदीला टांगलेला हिरवा कोष. त्याच्यावर सोनेरी टिकल्या. सिस्टर म्हणाल्या, यातून फुलपाखरू बाहेर येताना जो पाहील तो आयुष्यभर विसरणार नाही. नऊ दिवस मी डबासुद्धा त्या खिडकीशी खाल्ला. दहाव्या दिवशी मला कांजिण्या. वर्गातली मैत्रीण मेहरुन आमच्या घराच्या खिडकीबाहेर उभी राहून हातवारे करून मला सांगत होती, असं आलं, मग असं आलं. मी गादीवर रडत होते.
पन्नास वर्षं झाली. या दौऱ्यात बघणारच.
आज साडेचारला निघायचं होतं. 'शॅल' आणि 'विल'वरून दोन गुरुजींचं जुंपलं. बागेत पोहोचले तेव्हा अंधार पडायला आला होता. फुलपाखरं झोपलेली. बाग सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, सकाळी या.

बुधवार, ८ ऑक्टोबर.
गेले, सकाळी सातला.
बाग म्हणजे अर्धा गुंठा असेल. रुई, लिंबू, कढीपत्ता, घाणेरी. ज्या प्रोफेसरांनी ती लावली त्यांची बदली झाली. आता बघतात त्या द्रौपदाबाई. माहेर शिंदखेड्याकडचं, केस माझ्यापेक्षा पांढरे, आणि मला अक्का म्हणतात. मी म्हटलं, अहो, मी तुमच्यापेक्षा लहान असेन. त्या म्हणाल्या, बरं अक्का.
रुईवर अळ्याच अळ्या. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, जणू सगळ्या एकाच शाळेचा स्वेटर घालून आल्यात. द्रौपदाबाई त्यांना पोरी म्हणतात. पोरी खूप खातात, म्हणाल्या, खाऊ द्यायचं, सासरी जायच्या आहेत. आणि पानांच्या खाली कोष. तेच हिरवे. त्याच टिकल्या. मी मोजले, अकरा. कालपरवाच झालेत, पुढच्या बुधवारी उघडतील, असं त्या म्हणाल्या. पुढच्या बुधवारी मी जळगावातच आहे! अशा गोष्टी आपोआप जुळत नसतात.
द्रौपदाबाई आज दुपारच्या गाडीने मुलीकडे शिंदखेड्याला जाणार, मंगळवारी परतणार. माझ्या मनात आलं, आठवडाभर या पोरींना कोण बघणार? ऊन आहे, पक्षी आहेत, कॉलेजची मुलं आहेत. सावलीला जाळी हवी, रुईला पाणी हवं. म्हणून त्या गेल्यावर नवीन सुपरवायझर सुकदेवभाऊ यांच्याकडून अभिप्रायाची वही मागून घेतली. सज्जन माणूस. आधी मैदान सांभाळायचे, बागेचा चार्ज मिळून पंधरा दिवस झालेत. घरची कपाशी आहे पहूरला, या वर्षी बोंडअळीने निम्मी नेली म्हणाले. वाईट वाटलं.
वहीत लिहिलं, मुद्दाम मराठीत: "बाग मनोहर आहे. अळ्यांची संख्या लक्षणीय आहे. त्यांची तातडीने योग्य ती व्यवस्था करण्यात यावी, ही विनंती." 'करण्यात यावी'! हे सुचलं तेव्हा अंगावर काटा आला. एकही खाडाखोड नाही.
सुकदेवभाऊंनी दोनदा वाचलं. चेहरा उजळला. म्हणाले, बरं झालं मॅडम, कोणीतरी लिहून दिलं. ती बाई हात लावू देत नाही. मग विचारलं, सगळ्यांची करायची का? मी हसून म्हटलं, सगळ्यांची, एकही सुटता कामा नये.
शिल्पाला शेऱ्याचा फोटो पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला. मत्सर.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. धुळे.
प्रवास. ड्रायव्हर रुपचंदभाऊ, इथलेच, मोजकं बोलतात. शेवभाजी खाल्ली, पण शेव बाजूला काढून. नंतर ती शेव वाया जाऊ नये म्हणून खाल्ली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर.
सुकदेवभाऊंचा व्हॉट्सॲप! "मॅडम आपल्या सूचनेप्रमाणे व्यवस्था केली." सोबत फोटो. एक माणूस पाठीवर टाकी लावून रुईवर पाणी मारतोय. तोंडाला रुमाल बांधलाय, धूळ असेल. इतकं बारीक तुषार पाणी! मी जाळी म्हणत होते, त्यांनी थेट पाण्याची सोय केली.
एका ओळीने काम होतं. फक्त भाषा हवी. आज वर्गात सांगितलं की शब्द नेमका असला की माणूस हलतो. सगळ्यांनी लिहून घेतलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर.
पाय सुजलेत. दोनदा कोषांची आठवण आली.

रविवार, १२ ऑक्टोबर. दोंडाईचा.
सुट्टी. रुपचंदभाऊंनी स्टेशनजवळ चहा पाजला. त्यांना तो फोटो दाखवला. फोन हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, मॅडम, हा तं फवारणीचा पंप शे. मी समजावून सांगितलं की शेतात तो फवारणीला वापरतात, बागेत पाण्याला. त्यांनी विचारलं, मग तोंडाले रुमाल काबरं? मी म्हटलं, धूळ. ते म्हणाले, पाणी मारताना धूळ उडत नाही.
मी जास्त ताणलं नाही. आयुष्यभर कपाशी बघितलेल्या माणसाला सगळीकडे फवारणीच दिसणार. त्यांनी मान हलवली, पटलं असावं. मग चहाचा ग्लास खाली ठेवून हळूच म्हणाले, फोन लावी पहा ना.
लावणार होते. पण रविवारी सकाळी सज्जन माणसाला कशाला त्रास द्यायचा. त्याऐवजी मेसेज केला: "कार्य उत्तम. असेच चालू ठेवावे."

सोमवार, १३ ऑक्टोबर.
उत्तर आलं: "होय मॅडम. आज दुसरी केली."
दुसरी काय? पाण्याची पाळी असेल. मन उगाच अस्वस्थ आहे. हवा बदलल्यामुळे. लवकर झोपले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. जळगाव.
परत. उद्याचा वर्ग सकाळी अकराला ठेवलाय. सहाला उठणार, सातला बागेत, कोषासमोर खुर्ची टाकून बसणार. तहान, भूक, फोन, काही नाही. बॅगेत बिस्किटं. मेहरुन कुठे असेल कुणास ठाऊक. तिला सांगायला हवं होतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर. सकाळी ६.४०.
निघाले. मन शांत.

त्याच दिवशी, दुपारी १.
लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.
बाग एकदम स्वच्छ. रुईची कुरतडलेली पानं छाटून टाकलेली, भोक कुठेच नाही. दवाखान्यासारखा वास. एकही फुलपाखरू नाही. पहिल्यांदा मला वाटलं, अळ्यांना कुठेतरी सुरक्षित जागी हलवलं असेल. सुकदेवभाऊंना विचारलं, कुठे ठेवल्यात? ते कौतुकाने मला मागच्या बाजूला घेऊन गेले. खड्डा होता. वर माती लोटलेली. म्हणाले, पहिल्या फवाऱ्यात निम्म्या पडल्या, दुसऱ्यात व्यवस्था लागली. ते टांगलेले हिरवे दाणे पण खुडून टाकले. तुम्ही म्हणाला होतात, एकही सुटता कामा नये.
मी म्हणाले होते. फक्त, कोषांना ते दाणे म्हणतात हे मला माहीत नव्हतं.
मला रागवता आलं नाही. माणूस वाट बघत होता की मी शाबास म्हणेन. फुलपाखरू अळीतून होतं, एवढंच मी म्हटलं. ते हसले. मग थांबले. म्हणाले, बोंडअळीतून तर पतंग होतो, मॅडम. मी म्हटलं, हो, तसंच. ते रुईकडे वळले आणि म्हणाले, हे कोणी लिहून नाही दिलं.
द्रौपदाबाई पाण्याच्या ड्रमजवळ घमेलं पालथं घालून बसल्या होत्या. काल संध्याकाळीच आल्या. मी जवळ गेले. त्या म्हणाल्या, बठ्ठ्या गयात, अक्का. सगळ्या गेल्या. कुणी लिहिलं हे त्यांनी विचारलं नाही. वही त्यांनी वाचली आहे, हे मला त्यांच्या न विचारण्यावरून कळलं.
मग म्हणाल्या, एक शे.
ड्रमच्या झाकणाखाली. एक पोर झाड सोडून भटकत इथवर आली होती आणि तिने इथेच कोष केला होता. हिरवा नव्हता आता, काळपट झालेला, आणि आतून केशरी पंख दिसत होते, ओल्या कागदातून अक्षरं दिसावीत तसे. द्रौपदाबाई म्हणाल्या, याच तासात. मला स्वतःचं घमेलं दिलं, आपण विटेवर बसल्या.
मी बसले. सव्वासात. साडेसात. श्वाससुद्धा जपून घेत होते.
पावणेआठला सुकदेवभाऊ वही घेऊन आले. मॅडम, शेरा. साहेबांना दाखवायचाय, मागच्या शेऱ्यावरून माझं नाव घेतलं त्यांनी मीटिंगमध्ये. मी म्हटलं, नंतर. ते म्हणाले, साहेब आठला येतात, ऑफिसात खुर्ची लावलीये, चहा ओतलाय. आणि मग हळूच, यात काय ते नीट लिहा, म्हणजे पुढच्याला कळेल.
हे बरोबर होतं. मलाही वाटलं, निदान एवढं तरी नीट करू. पाच मिनिटं. ऑफिस दहा पावलांवर, दार उघडं.
'अळ्यांची काळजी घ्यावी' लिहायला घेतलं. 'काळजी घ्यावी' तर औषधाच्या डब्यावरही असतं. 'लक्ष द्यावे'. लक्ष तर दिलंच होतं. 'संगोपन', 'संवर्धन', 'अभय'. प्रत्येक शब्दाच्या हातात मला पंप दिसायला लागला. बाहेरून द्रौपदाबाईंनी हाक मारली, अक्का, या. मी म्हटलं, आले. त्यांनी पुन्हा हाक मारली, अक्का, या ना. ऐकू आलं होतं. मी 'नका'पर्यंत पोहोचले होते. म्हटलं, एवढं पुरं करू.
लिहिलं: "अळ्या मारू नका." तीन शब्द, वीस मिनिटं.
सुकदेवभाऊंनी वाचलं. मान डोलावली. म्हणाले, बरं मॅडम. आता राहिल्या कुठे.
बाहेर आले तेव्हा झाकणाखाली रिकामं टरफल होतं आणि त्याच्या शेजारी फुलपाखरू पंख वाळवत लटकलं होतं. मी घमेल्यावर बसले. द्रौपदाबाईंनी मला सांगितलं. हाताने. पहिलं डोकं, असं. मग पाय काढले, एकेक, जसं पोर झोपेतून उठताना पांघरूण काढतं. मग अंग. पंख चुरगळलेले, धुऊन पिळलेल्या लुगड्यासारखे, आणि मग कोणी उलगडतंय असे हळूहळू मोठे झाले. मी त्यांच्या हातांकडे बघत होते.
साडेनऊला ते उडालं. सगळ्या बागेत एकटंच. दोन फेऱ्या मारल्या आणि भिंतीपलीकडे गेलं.
अकराला वर्ग घेतला. विषय: क्लिअर इन्स्ट्रक्शन्स.

गुरुवार, १६ ऑक्टोबर. गाडीत.
काल रात्री शेवभाजी खाल्ली. शेवेसकट.
सकाळी स्टेशनवर निघण्याआधी रुपचंदभाऊंबरोबर बागेकडे औषध न मारलेल्या रुईची दोन रोपं पाठवली. फोन लावी पहा ना, हे ते पुन्हा म्हणाले नाहीत.
आत्ता शिल्पाचा फोन आला होता. बघितलंस का गं तुझं फुलपाखरू बाहेर येताना? मी म्हटलं, बघितलं. मग सांगितलं. पहिलं डोकं. मग पाय, एकेक, जसं पोर झोपेतून उठताना पांघरूण काढतं. पंख धुऊन पिळलेल्या लुगड्यासारखे. फोन खांद्याने धरून मी हातवारेही करत होते. समोरच्या बर्थवरचे आजोबा बघत होते.
 शिल्पा म्हणाली, आई, किती सुंदर सांगितलंस. मराठी सुधारलं की तुझं.
मी हात खाली घेतले.