दर्शनी भिंत, खर्च शून्य

४ जानेवारी १९७१
थॉमस पेंटर नगरहून येऊन दर्शनी भिंत मोजून गेला. चाळीस फूट बाय चौदा. मोजणीचा खरा खर्च: चहा पंधरा पैसे, त्यातला अर्धा मीच प्यालो. एस.टी.चं भाडं त्याचं त्यानं भरलं. शिडीनं पन्हळ वाकला, तो मी ठोकून सरळ केला. म्हणजे साडेसात पैसे. एवढ्यात एस्टिमेट काष्टीत दुसऱ्या कोणी काढून दाखवावं.

थॉमसचा आकडा तीनशे चाळीस. माझं बजेट दीडशे. हसून ऐकून घेतलं. हसायला पैसे पडत नाहीत.

रंग निकडीचा आहे. पौष संपला की कर्जतचे पुंजारामबापू घर बघायला येणार. मुलगी एकुलती, बारा एकर बागायत. आमच्या गहिनीनाथासाठी. पहिली सून चांगुणा, तिला सहा वर्षांत मूल नाही. तिला कोणी हाकलत नाही. माडीवरून खाली कोठीच्या खोलीत, एवढाच फरक. दुसरी बायको कायद्यात बसत नाही म्हणतात. कायदा नगरला असतो.

७ जानेवारी
गहिनीला सांगितलं. "आबा, मला न्हाई करायचं," एवढंच म्हणाला आणि दुकानात गेला. आवाज बारीक होता. म्हणजे राजी.

खांद्यावर पान्ह्यांची पिशवी घेऊन खेडोपाडी इंजिनं दुरुस्त करत हिंडलो, त्यातून हे दुकान, हे घर. अजून इंजिनाचा बिघाड नुसता आवाजावरून सांगतो. घरातही तेच. माझ्या कानावरून गेल्याशिवाय इथं भांडं पडत नाही.

१२ जानेवारी
नवं बजेट: साठ रुपये. पेंटर रद्द. कळीचा चुना, डिंक, निळीची पुडी, मजुरी घरची. चांगुणाला कालवलेला चुना ढवळायला बसवलं. दुपारपर्यंत बोटांची सालं निघाली. आमच्या आक्काबाई, म्हणजे गहिनीची आई, म्हणाल्या, तूप लावा तिला. म्हटलं, तूप बजेटमध्ये नाही.

चांगुणानं विचारलं, "मामंजी, पाव्हणे कवा यायचेत?" म्हटलं, पौष संपल्यावर. तिनं परत काठी हातात घेतली. कामात मन रमलं की बाईमाणसाला बरं असतं.

१६ जानेवारी
भिंत वाळली. पोपडे सुटले. जुन्या रंगावर चुना धरत नाही हे मला माहीत होतं. खात्री करून घेतली.

१९ जानेवारी
थॉमसला परत बोलावलं. भिंत बघून म्हणाला, "छगनशेठ, घर रंगवलंय की घराला खरूज झाली?" हसलो. मग तोच म्हणाला, कुटुंबनियोजनाच्या जाहिराती रंगवायचा ठेका त्याच्याकडे आहे. बाजाररस्त्यावर मोठी भिंत हवी. भिंत दिली तर खरडून, भेगांत लांबी भरून, सगळी फुकट पांढरी करून देतो. मध्ये लाल त्रिकोण आणि अक्षरं. बदल्यात एक दिवस पुढची खोली नसबंदी ऑपरेशनच्या शिबिराला.

विचार करतो म्हणालो. दोन मिनिटं केला. पुढे निवडणूक आहे. रिकामी भिंत दिसली की पक्षवाले चिन्हं खरडून जातात. सरकारी त्रिकोण असला की कोणाची हिंमत नाही.

अंतिम बजेट: शून्य. अशी बुद्धी शाळेत शिकवत नाहीत. मी चौथी नापास.

२६ जानेवारी
काम पूर्ण. भिंत दुधासारखी. मध्ये हसरा बाप, हसरी आई, दोन गुबगुबीत पोरं. खाली फूटभर उंचीची अक्षरं: दोन किंवा तीन मुले पुरेत.

आक्काबाई रडल्या. "घरात पाळणा न्हाई आन् भितीवर पुरे म्हणून लिवलंय. सुनेनं पाण्याला कुठनं जायचं?" म्हटलं, भिंतीची ती बाजू रस्त्याची आहे, आपण आत राहतो. त्या म्हणाल्या, तुमच्याशी बोलण्यापरास भितीशी बोलावं. पटलं म्हणायचं.

चांगुणा हल्ली मागच्या दारानं, नाल्यातून पाण्याला जाते. लांब पडतं. पण चालणं तब्येतीला चांगलं.

३० जानेवारी
बाजाराचा दिवस. म्हशी घेऊन आलेली माणसं भिंतीपुढं थांबत होती. ओट्यावर बसून सगळं ऐकलं. एकजण म्हणाला, "सरकार दोन-तीनावर थांबा म्हणतंय, छगनशेठचा पोरगा तर त्याच्याबी आधीच थांबला." सगळे हसले. मीही हसलो. गहिनी दुकानात पंप खोलून बसला होता, तो हसला नाही. त्याला विनोद कळत नाही. आईवर गेलाय.

३ फेब्रुवारी
शिबिराच्या दया सिस्टर खोली बघून गेल्या. भिंती धुवायला सांगितल्या. मी दाराआड होतो. गहिनी त्यांना विचारत होता: दुखतं का, किती वेळ लागतो, सायकल कधी चालवता येते, घरच्यांना विचारतात का. पोरगं चौकस आहे. धंद्यात हेच लागतं.

६ फेब्रुवारी
शिबिर. खोलीच्या दाराला हिरवा पडदा. बाहेर खुर्ची टाकून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करत होतो. घाबरलेल्यांना धीर दिला. "अरे, मुंगी चावल्यासारखं," म्हटलं. अनुभव नाही, पण सांगण्यात जोर होता. अकरा माणसं झाली.

गहिनी आतल्या दारानं डॉक्टरांना गरम पाणी पोचवत होता. एकदा गेला तो अर्धा तास बाहेर आला नाही. सेवाभाव. पुंजारामबापूंना हे सांगायला हवं.

८ फेब्रुवारी
गहिनी फेंगडा चालतो. सायकलवरून पडलो म्हणाला. सायकलला ओरखडा नाही. चांगली सायकल आहे.

चांगुणा त्याला माडीवर भाकरी नेऊन देते. जाताना त्याच्याकडं बघून रडते. मी ऐकलं: "आवं, आसं कशाला केलं?" तो म्हणाला, "आता कुणी दुसरी आनायची न्हाई." सायकलबद्दल असावं. ती विकून मोटरसायकल आणायचं माझ्या मनात होतंच.

१४ फेब्रुवारी, सकाळी
पुंजारामबापू आले. भिंतीपुढं उभं राहून म्हणाले, रंगाला हात सोडून खर्च केलाय. मी नुसता हसलो. बैठक बसली. बारा एकर कबूल. सुपारी ताटात.

त्याच दिवशी, दुपारी
सुपारी फोडायला उचलली तेवढ्यात शिबिराचा कारकून आला. कागदावर सही करा, दहा रुपये घ्या. मला वाटलं खोलीचं भाडं. पाहुण्यांसमोर म्हटलं, पंधरा तरी द्या. तो म्हणाला, "भाडं नव्हे, शेठ. माणूस आणून देणाऱ्याला दहा रुपये मिळतात. त्या रकान्यात तुमचं नाव आहे. तुम्ही तर स्वतःच्या मुलापासून सुरुवात केलीत."

पुंजारामबापूंनी कागद मागून घेतला आणि मोठ्यानं वाचला. क्रमांक सात. गहिनीनाथ छगन, वय सत्तावीस. हयात मुले तीन. शस्त्रक्रिया पूर्ण.

"तीन पोरं?" बापू म्हणाले. "तुमी तर एकबी न्हाई म्हणला हुता."

आता काय सांगावं? तीन आहेत म्हणावं तर मी खोटा. नाहीत म्हणावं तर त्यांची पोरगी इथं येऊन करणार काय? गहिनीला हाक मारली. तो माडीच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "पोरं खोटी लिवली. बाकीचं खरं हाय." चांगुणा त्याच्या मागं उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

बापू तीनच्या एस.टी.नं गेले. आक्काबाई आत कडी लावून बसल्या आहेत.

गहिनी माझा एकुलता. त्या दिवशी पडद्याला पाठ लावून मी चार तास बसलो होतो. मला काही ऐकू आलं नाही.